गावच्या दाजींचं छप्पर

"हाणा! हाणा म्हनतो ना! हात मोडलेत का सगळ्यांचे?"

नव्याकोऱ्या इमारतीच्या ऐन मधोमध मांडी घालून आमचे आतोबा ओरडत होते. वास्तुशांतीचा होम अजून धुमसत होता, भटजींच्या हातातला नारळ हातातच राहिला होता आणि बाहेर सगळं गाव घण, कुदळी, पहारी घेऊन नुसतंच उभं होतं. हाणायचं होतं ते समोरच्या भिंतीवर. म्हणजे आदल्याच महिन्यात याच लोकांनी माती तुडवून, घाम गाळून उभ्या केलेल्या, अजून पुरत्या न वाळलेल्या भिंतीवर! नव्या वास्तूची शांत झाल्याझाल्या तीच वास्तू पाडायला सांगणारा माणूस तिन्ही लोकांत एकच जन्माला आला, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला आला, हे मी कुठल्याही देवळात हात वर करून सांगायला तयार आहे.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ते जामखेडकडचे. पण लग्नानंतर काही वर्षांनी बायकोच्या माहेरी, म्हणजे आमच्या कर्जत तालुक्यातल्या गावात येऊन राहिले. आत्या गावाची लेक, तेव्हा ते सगळ्या गावाचे दाजी. नव्वदीचा म्हाताराही त्यांना दाजी म्हणे आणि कालपरवा मिसरूड फुटलेलाही. आता आपल्याकडे दाजी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. त्याची थट्टा वाटेल तेवढी करा, पण त्याला दुखवायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही आणि त्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही. या कायद्याचा आतोबांनी जेवढा फायदा उठवला, तेवढा इंग्रजांनी आपल्या कायद्यांचाही उठवला नसेल.

त्यांचा आवाज असा, की कर्जतच्या बाजारात ते बैलाचा भाव करायला लागले की मिरजगावच्या बाजारातले बैल माना वर करीत. यात थोडी अतिशयोक्ती असलीच तर ती बैलांची आहे. पण आवाजापेक्षा भारी होती ती त्यांची नजर. माणूस दुसऱ्याच्या घरी गेला की यजमानाकडे बघतो, पोराबाळांकडे बघतो, निदान चुलीवर काय शिजतंय तिकडे तरी बघतो. आतोबा उंबऱ्यात पाय ठेवताच मान मागं टाकून आढ्याकडे बघत. यजमान म्हणे, "या दाजी, बसा." आतोबा म्हणत, "तुजी तिसरी तुळई बसाय लागलीय, मी कसा बसू?" मग ते चौकटीतच टेकत, अर्धे आत, अर्धे बाहेर. तिथंच चहा पीत, तिथंच पान खात. दोन्ही बाजूंनी येणारेजाणारे त्यांच्यावरून उड्या मारीत.

त्यांचं सगळं वैर होतं ते माळवदाशी. आमच्याकडची घरं तेव्हा सगळी माळवदाची. भिंती मातीच्या, त्यावर तुळया, तुळयांवर काटक्या-पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर. घर गळू नये म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी वर नवा थर द्यायचा. यात वाईट काही नाही. पण जुना थर खरवडून काढायचा नाही, कारण तो बापानं दिलेला! त्याच्या खालचा आज्यानं दिलेला! असं करत करत चार बोटांचं माळवद हातभर व्हायचं आणि ज्याचं माळवद जाड तो घरंदाज समजला जायचा. आतोबा उन्हाळाभर टोकदार सळई घेऊन लोकांच्या माळवदावर चढत, ती खुपसून जाडी मोजत आणि वरूनच बोंब ठोकत, "आरं, हे छप्पर न्हाई, हे शेत हाय! हितं बाजरी पेर! आन खाली निजू नगं!"

माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हाची गोष्ट तर सासुरवाडीत अजून निघते. मुलगी खाली मान घालून बसलेली, मी तिच्या पायाच्या अंगठ्याकडे बघतोय आणि आतोबा चौकटीतून आपले वर. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मग काय पावनं, पसंत का?" आतोबा म्हणाले, "पोरगी पसंत. तुळई नापसंत." आणि हातातली काठी वर करून त्यांनी तुळईला ढोसलं. वाळवीनं खाल्लेला मूठभर भुसा माझ्या होणाऱ्या सासऱ्याच्या चहात पडला. "ही बदला, मंग याद्या करू," असं सांगून आतोबा उठले. तुळई बदलली गेली. माझ्या लग्नात नवरीपेक्षा त्या तुळईलाच जास्त लोक बघून गेले.

हे वेड कशापायी, ते त्यांनी कधी तोंडानं सांगितलं नाही. मला आत्यानं सांगितलं. त्यांच्या मूळ गावी एका वर्षी झड लागली. दिवस उलटले तरी पाऊस उघडेना आणि भिजून जड झालेलं माळवद त्यांच्या आईवर बसलं. त्या उन्हाळ्यात थर आतोबांनीच दिला होता. म्हातारीला गळू नये म्हणून दोन बोटं जास्तच दिला होता. त्यानंतर त्या गावात ते राहिले नाहीत.

तर अशा माणसाच्या मनात आलं, की गावातली सगळी माळवदं काही आपल्या ओरडण्यानं उतरत नाहीत. निदान एक तरी जागा अशी पाहिजे, की झड लागो, वावटळ येवो, ओढा गावात शिरो, सगळं गाव तिथं जाऊन बसेल. बसेल आणि सकाळी जिवंत उठेल. पण जागा बांधायची कशाची? लढाईचे दिवस होते. लोखंडाचा खिळासुद्धा रणांगणावर गेलेला, पत्रा तर बघायलाही मिळेना. लाकूड मात्र होतं. भैरोबाच्या सभामंडपासाठी गावानं बऱ्याच वर्षांत जमवलेलं अस्सल सागवान देवळामागं रचून ठेवलेलं होतं. आतोबांचा त्यावर डोळा गेला.

"देवाचं लाकूड हाय ते!" पाटील म्हणाले. पाटील म्हणजे आत्याचे लांबचे भाऊ, गावातल्या सर्वांत जाड माळवदाचे मालक.

"देव पावसात बसला तर त्याला पडसं हुत न्हाई, पाटील. तुमाला हुतं," आतोबा म्हणाले.

पाटलांनी हात झटकले. आतोबा गप्प बसले. ते गप्प बसले म्हणजे काही तरी भयंकर होणार, हे फक्त आत्याला ठाऊक होतं.

त्या वर्षी उन्हाळ्यातच धोंड्याचा महिना आला. जावयाला बोलावून धोंडे जेवू घालायचे आणि वर वाण द्यायचं, ही रीत. गावाचेच दाजी म्हटल्यावर आतोबांना घराघरांतून आवतण. पहिल्या घरी ते गेले, चौकटीत पाटावर बसले, पुरणाच्या धोंड्यांवर तुपाची धार पडली, वासानं शेजारची कुत्री जमली. आतोबांनी ताटाला हात लावला नाही.

"काय पायजे दाजी? धोतर? अंगठी?"

"देवळामागचं सागवान."

"आवो, ते माज्या घरचं हाय का?"

"मंग ज्याच्या हातात हाय त्याला सांगा. तवर मी उपाशी."

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. जावई जेवल्याशिवाय घरातलं कोणी जेवायचं नाही, ही दुसरी रीत. सगळ्या गावात धोंडे वाळून त्यांचे खरेच धोंडे झाले. शेवटी बायका उठल्या. पदर खोचून त्या पाटलांच्या दारात जाऊन बसल्या, म्हणाल्या, "आमच्या दारातनं जावई उपाशी जातोय. आमी सवाष्णी हाय का कोन हाय?" पाटलीणबाईच त्यांच्यात पहिल्या बसल्या होत्या, मग पाटील काय करणार? लाकूड मिळालं. आतोबा त्या दिवशी जे जेवले, ते बघून गावाला लाकूड दिल्याचा पश्चात्ताप झाला.

मग सुरू झालं बांधकाम, म्हणजे गावाचा छळ. कंबरभर उंच दगडी जोतं घातलं. त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, कोपऱ्याकोपऱ्याला तिरके दांडे. सगळं बाभळीच्या खुंट्यांनी जोडलेलं, खिळा एक नाही. सुतारानं एक सांधा जरा ढिला सोडला तर आतोबा त्याला लोंबकळून झोके घेत आणि झोका घेताघेता शिव्या देत. वर कुंभाराच्या भट्टीतली हलकी कौलं. एका टोकाला गावच्या धान्याच्या कणग्यांसाठी उंच ओटा, मागं जनावरांना पडवी. दारं बाहेर उघडणारी, कारण आत उघडणारं दार पडलेल्या मातीनं अडतं. ही बाहेर उघडणारी दारं पाटलांच्या कपाळाला दोनदा लागली. आतोबा म्हणत, दार बरोबर बसलंय. भिंती सगळ्यांत शेवटी घातल्या. "भिंत म्हंजी नुसता पडदा," ते म्हणत. "तिच्या डोक्यावं काय बी न्हाई. ती पडली तर पडू दे, छप्पर उभं ऱ्हाईल."

हे कोणालाच पटलं नाही. भिंत पडल्यावर छप्पर राहतं, हे कोणी ऐकलंय? पाटील तर वास्तुशांतीलाच सगळ्यांदेखत म्हणाले, "झडीत हितं कोन निजंल? मी तर माज्या माळवदाखालीच निजीन." ते ऐकलं आणि आतोबा तरातरा आत गेले, ऐन मधोमध मांडी घालून बसले. गावाला घण-पहारी आणायला लावल्या, आणि मग ती आरोळी. "हाणा!"

आता अडचण बघा. भिंत पाडायला कोणाची हरकत नव्हती. गावाला पाडापाडीची आवडच. पण आत बसलेला माणूस दाजी! छप्पर आलं खाली तर गावाची लेक उघडी पडणार, आणि ते पाप ज्यानं घण घातला त्याच्या माथी. पैलवानसुद्धा घण खाली ठेवून मागं सरकले.

"दाजी, उठा तिथनं, मंग हानतो," पाटील म्हणाले.

"मी उठलो तर तुमी निजनार हाय का हितं?"

पाटलांनी पटका सारखा केला. आतोबा बसलेले. होम विझत आलेला. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आमची आत्या पुढं आली. अंगानं काडी, आवाजानं त्याहून बारीक. तिनं एका गड्याच्या हातातली पहार काढून घेतली.

"अगं ए आक्का," पाटील ओरडले, "तुजा नवरा आत हाय!"

"माजाच हाय ना? मंग तुमाला काय?"

आणि तिनं पहार घातली. एकदा, पुन्हा, पुन्हा. बाईची जात पुढं झाली म्हटल्यावर पुरुषांना लाज वाटून चार घण आणखी पडले. भिंत आधी गरोदर बाईसारखी फुगली आणि मग भसकन खाली बसली. एवढी धूळ उडाली, की काही काळ इमारत आहे की नाही तेच कळेना. आत्या पहार धरून जागीच उभी होती, ओठ पांढरे. धुळीतून आधी खोकला आला, मग आवाज आला.

"दुसरी हाणा!"

चारी भिंती पाडल्या. एक कौल सरकलं, पण ते चिमणीमुळं. आतोबा डोक्यापासून पायापर्यंत मातीचे होऊन बाहेर आले, पाटलांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आता भिंती परत बांधा." गावानं त्यांना जे म्हटलं ते छापण्यासारखं नाही. पण बांधल्या.

पुढच्याच हस्त नक्षत्रात झड लागली. आमच्याकडं पाऊस येतच नाही, आणि आला की उठायचं नाव घेत नाही. ओढा वेशीत शिरला, भिंती ओल्या पोळीसारख्या मऊ पडल्या. एकेक घर रिकामं करत सगळं गाव आतोबांच्या छपराखाली आलं. पाटलीणबाईंची तुळस आणि मुलाण्यांच्या कोंबड्या एकाच कोपऱ्यात. आले नाहीत ते फक्त पाटील. आतोबा पोतं डोक्यावर घेऊन निघाले, मागून मी.

"दाजी, हे माळवद माज्या पणज्यानं घातलंय," पाटील लोडाला टेकून म्हणाले.

"व्हय, आन तुमी समद्यांनी ते वाढिवलंय. चला."

"न्हाई येत."

जन्मात कुणाच्या घरात चौकटीच्या आत न बसलेला हा माणूस उंबरा ओलांडून गेला, पाटलांच्या सोप्यात मधोमध त्या हातभर मातीखाली जाऊन बसला. आढ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. वरून मातीचा चिखल टपकत होता. "मी बी हितंच ऱ्हातो," ते म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत, हळू बोलले. "एक माणूस असंच आत ऱ्हायलं हुतं, पाटील. मी बाहीर हुतो. आता मी बाहीर ऱ्हानार न्हाई."

पाटलांनी वर बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, पानाचा डबा उचलला आणि बाहेर पडले. दिवस मावळायच्या आत ते घर खाली बसलं. गावातली निम्मी घरं बसली. आतोबांच्या इमारतीच्या दोन भिंती पुन्हा पडल्या. छप्पर उभं राहिलं, आणि त्याच्याखाली सगळं गाव.

आतोबा जाऊन आता किती तरी पावसाळे झाले. छप्पर आहे अजून. त्याच्याखाली आता लग्नं लागतात आणि पोरं आढ्याकडे न बघता जेवतात.

पाऊस उघडला त्या सकाळी पाटील आपल्या ढिगाऱ्यासमोर बराच वेळ उभे होते. मग पटका काखेत धरून परत आले. आत आतोबा सगळ्यांच्या मधोमध उताणे पडून, तोंड उघडं टाकून घोरत होते. पोराबाळांचा गोंगाट, गुरांचं हंबरणं, कशाचंच त्यांना भान नव्हतं.

"आक्का," पाटील खालच्या आवाजात म्हणाले, "दाजींना उठीव. म्हनावं, बाहीर येऊन बघा. तुमचंच खरं झालं."

आत्या चुलीत काटक्या सारत होती. तिनं मान वर केली नाही.

"निजू दे त्यांस्नी, दादा. पडल्याली घरं काय, उठल्याव बी पडल्यालीच असतील."