ज्या फायलींवर बायांची नावं होती

मधुकरराव गेल्याचा फोन त्यांच्या लेकीने, सुजाताने केला तेव्हा मी बँकेत रांगेत उभी होते. नंबर आला होता, तो सोडून दिला. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि पहिला विचार मनात आला तो हा, की आता त्या फायलींचं कोण बघणार... माणूस गेल्यावर रडायचं सोडून फायली आठवणारी ही बाई दगडाची असावी असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटो. दहाव्याला पेणमधले एक मोठे गृहस्थ मला म्हणाले, "हौशी माणूस होता हो. गाणीबिणी जमवायचा." मी तिथल्या तिथे सांगितलं, की हौस गणपतीत नाटक बसवणाऱ्यांना असते, या माणसाने केलं त्याला काम म्हणतात. त्यांना ते आवडलं नाही. महिना उलटून गेला तरी तो 'हौशी' माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा पेणच्या रामवाडीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. तीन मशीन, एक पंखा, आणि बारावी झालेल्या पंधरा-वीस मुली. त्यांच्यात हे चाळिशीचे गृहस्थ येऊन बसले. रोह्याला केमिकल कंपनीत ऑपरेटर. पहिली शिफ्ट करून पेणला उतरायचे ते तडक क्लासला, अंगाला कंपनीचा वास घेऊन. "मॅडम, मला टायपिंग-बियपिंग नको. कॅशेटीतली गाणी कॉम्प्युटरात घालता येतात म्हणे, तेवढं शिकवा." कॅसेटी होत्या धवल्याच्या, म्हणजे लग्नात म्हणायच्या गाण्यांच्या. आमच्या भागातल्या आगरी लग्नांत धवलारीण असते. हळदीपासून वरात घरी येईपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं लागतं. पूर्वी म्हणे भटजीवाचून तीच लग्न लावायची. मधुकरराव मिठागरावर राबणाऱ्या घरातले, नात्यागोत्यात लग्नं पुष्कळ, प्रत्येक लग्नाला हे टेपरेकॉर्डर घेऊन हजर. मी एकदा विचारलं, हे सगळं कशासाठी? तर म्हणाले, "लग्नाच्या व्हिडिओवर शूटिंगवाल्याचं नाव येतं, बँडवाल्याचं येतं, मंडपवाल्याचंसुद्धा येतं. जिनं लग्न लावलं तिचं नाव कुठं हाय?"

मग सुरू झालं. टेपची वायर कॉम्प्युटरला जोडायची आणि गाणं पूर्ण वाजेपर्यंत बसायचं. त्यात घाई चालत नाही. एकेका फायलीला ते दोन बोटांनी नाव द्यायचे: आधी बाईचं नाव, मग गाव, मग कुणाच्या लग्नातलं ते. पाच-सहा महिन्यांत दोनशे बारा फायली झाल्या. कॉम्प्युटरात गेलेली कॅसेट मात्र ते पुसून पुढच्या लग्नाला वापरायचे. एकदा आत गेलं ते गेलं, आता कुठं पळतंय, असा त्यांचा विश्वास. तो विश्वास मीच त्यांना दिला होता.

आता माझी अक्कल ऐका. माझ्याकडे फायली लावायचं एक नवं सॉफ्टवेअर आलं होतं. त्यात शंभर फायली निवडा नाहीतर हजार, एका दमात सगळ्यांची नावं बदलता यायची. मधुकररावांची ती कमीजास्त लांबीची, इंग्रजी अक्षरांत वाट्टेल तशी लिहिलेली नावं माझ्या डोळ्यांना खुपत होती. एका दुपारी त्यांना खूश करायला म्हणून मी सगळ्या फायली निवडल्या, 'धवला' शब्द दिला, पुढे क्रमांक दिला आणि बटण दाबलं. दोन मिनिटांत धवला एक ते दोनशे बारा. कवायतीला उभ्या केल्यासारख्या फायली! चार वाजता मधुकरराव आले. खुर्चीत बसून वरपासून खालपर्यंत बघत गेले... परत वर आले. "मॅडम, बाया कुठं गेल्या?"

उलटं फिरवायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती, दुसरी प्रत नव्हती, नावं कुठल्या वहीत उतरवलेली नव्हती, कॅसेटी पुसलेल्या. आणि वर मी म्हणाले, "पण गाणी तर आहेत ना." ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "गाणी समद्यांची हायेत मॅडम. आवाज एकीचा हाय."

त्यांनी सगळी गाणी परत कॅसेटवर घेतली, प्रत्येक गाण्याआधी स्वतःच्या आवाजात नंबर सांगून. रविवार आला की टेप पिशवीत घालून आम्ही एसटीत, गावोगावी आवाज ओळखून घ्यायला. जोह्याला गणपतीच्या कारखान्यात बायका मूर्ती घासत होत्या. चाळीस नंबर वाजला आणि एकीचा हात थांबला. "अगो, ही आमची थोरली जाव." नाव काय? "बाळूची आय." तिचं स्वतःचं नाव? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मुलगा बाळू, वय पन्नास, तोही डोकं खाजवतो. "आय म्हणतो ना आमी, नाव कशाला घ्यायचं?" शेवटी पत्र्याच्या पेटीतून रेशनकार्ड निघालं, तेव्हा कळलं, की ती चांगुणा. असं एक गाव नाही, पेणपासून रोह्याच्या खाडीपर्यंत कितीतरी. चांगुणेसारख्या काही बाया तोवर गेल्या होत्या. त्याच वर्षात या गाण्यांची कॅसेट काढायला एक कॅसेटवाला आला. कव्हरवर नुसतं 'पारंपरिक' छापू म्हणाला. मधुकरराव चहा अर्धा टाकून उठले. नऊ फायलींची नावं शेवटपर्यंत सापडली नाहीत. त्या नऊ माझ्यामुळे गेल्या, हे मी कुणापासून लपवत नाही.

सुजाताने त्यांची हार्डडिस्क माझ्याकडे आणून ठेवली आहे. परवा एका संस्थेतून फोन आला. संग्रह फार मोलाचा आहे, आम्ही घेतो, आमच्या पद्धतीने क्रमांक देऊन टाकू. "बॅच रिनेम मॅडम, दोन मिनिटांचं काम." आणि नमुन्याला ऐकलेल्या पुष्कळ फायलींच्या सुरुवातीला बडबड आहे, ती कापावी लागेल. मी म्हटलं, साहेब, ती दोन मिनिटं मी एकदा भोगली आहेत. क्रमांक हवे तर नावाच्या मागे लावा. बडबडीला कात्री लागणार असेल तर डिस्क माझ्या कपाटातून हलायची नाही. ते म्हणाले, तुम्ही भावनिक होताय. होतेय. मग?

ती बडबड काय आहे ते सांगते. माझ्या त्या करामतीनंतर मधुकररावांनी रेकॉर्डिंगची रीतच बदलली. फायलीवरचं नाव कुणीही पुसू शकतं हे त्यांना कळलं होतं, म्हणून नाव गाण्याच्या आतच घालायचं. काल संध्याकाळी मी एक फाइल लावली. आधी टेपची घरघर, कुणाच्या तरी बांगड्या, मग त्यांचा आवाज.

"आये, तुजा नाव सांग गो."

"माजा नाव कशाला रं? गाना ऐकायला आलास ना?"

"आधी नाव. मंग गाना."

ते पुन्हा विचारत नाहीत आणि टेपही बंद करत नाहीत. नुसते थांबून राहतात... किती वेळ. मग म्हातारी घसा खाकरते.

"हिराबाय," ती म्हणते. आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "हिराबाय. झाला? गाऊ आता?"

"आता गा."