खोडलेलं उदाहरण

"रुमाल पडलाय की तितं! दिसत न्हाय व्हय तुमाला?"

बारामती स्टँडवर इंदापूरची गाडी लागली होती. कुणीतरी खिडकीतून आतल्या माणसावर ओरडत होतं आणि दाराशी सगळे एकमेकांत घुसत होते. पुण्याहून आलेली मी फाईल छातीशी धरून मागेच उभी. अकरा वाजता इंदापूरच्या एका शाळेत नोकरीसाठी इंग्रजीचा नमुना तास घ्यायचा होता. विषय शाळेनंच दिलेला: 'फ्री-फॉर-ऑल' म्हणजे काय आणि तो शब्द कधी वापरतात. वहीत अर्थ तयार होता: कसलाही नियम नसलेली, ज्याच्या हाताला लागेल ते त्याचं, अशी झोंबाझोंबी. उदाहरण: एसटी स्टँड.

आता ते उदाहरण मलाच आत शिरू देईना.

"हुबी काय ऱ्हायलीस पोरी? रुमाल आण." शेजारच्या मावशींनी माझा रुमाल घेतला आणि आपल्या पिशवीबरोबर खिडकीतून बाकावर टाकला.

आम्ही दोघी सगळ्यांत शेवटी चढलो. गाडी गच्च. आमचा बाक मात्र रिकामा, आणि त्याला टेकून एक म्हातारे तात्या उभे.

"बसायचं न्हाय का तात्या?" मावशी म्हणाल्या.

"कसं बसणार? रुमाल हाय न्हवं!"

मी ओशाळून बसले. लासुर्णे मागे पडलं, दोन्हीकडे ऊसच ऊस. मावशींनी तिखटमीठ लावून पेरूची फोड दिली; तिखटाची बोटं वहीला लागली. अंथुर्ण्याला त्या उतरल्या, तात्या त्यांच्या जागी बसले आणि लगेच घोरू लागले. मी वहीतलं उदाहरण खोडलं. इंदापूर आलं तरी दुसरं सुचलं नव्हतं.

वर्गात फळ्यावर अर्थ लिहिला आणि मुलांनाच उदाहरण विचारलं. मुलं मान खाली घालून अर्थ उतरवत राहिली. मागच्या बाकावर माझा अर्ज घेऊन बसलेले मुख्याध्यापक हसले.

"अरे, आपलं एसटी स्टँड! काय मॅडम, बरोबर ना?"

वर्ग खळाळून हसला. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. स्वतः शाळेत शिकत असताना मी कायम तेच केलं होतं.

"नाही सर," मी म्हणाले. "तिथं नियम आहे. मी आत्ताच तिथून आलेय."