आवाज बंद करून पाहिलेली अमेरिका

आमच्या साडूंनी अमेरिका जितकी पाहिली तितकी अमेरिकेच्या अध्यक्षानेही पाहिली नसेल, आणि त्यांना ती जितकी उलटी कळली तितकी उलटी कळणारा दुसरा माणूस देवाने घडवलेलाच नाही. बरं, हे गृहस्थ घरचं निमगाव सावा ते दुकानाचा आळेफाटा या रस्त्यापलीकडे फारसे गेलेले नाहीत. लग्नानंतर जोडीने जेजुरी आणि एकदा नाशिकला दाढ काढायला, संपला प्रवास. एवढ्या भांडवलावर हा माणूस चारचौघांत मांडी ठोकून सांगतो, "मास्तर, अमेरिकेतला बाप आता पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई."

मास्तर म्हणजे मी. राहणार पिंपळवंडी. जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, आणि आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून हा विद्वान माझ्या वाट्याला आला. साडूंचं आळेफाट्यावर टीव्ही दुरुस्तीचं दुकान. डब्याएवढे जाड टीव्ही होते तेव्हापासूनचं. दुरुस्त केलेला टीव्ही तपासायला ते इंग्रजी चॅनेल लावायचे, कारण त्यावर चित्र स्वच्छ दिसतं असा त्यांचा शोध होता. आवाज मात्र बंद. एक तर फाट्यावरच्या ट्रकांच्या भोंग्यांत ऐकू काय येणार, आणि आलं तरी कळणार काय? अशा रीतीने या माणसाने तीसेक वर्षं अमेरिकन मालिका मुक्याने पाहिल्या. घरात इंग्रजीचा मास्तर असून मला एका शब्दाचा अर्थ विचारला नाही. एकदा मीच दुकानात बसून हौसेने भाषांतर करायला लागलो, तर हात जोडून म्हणाले, "नगा, मास्तर. चित्र खरं बोलतंय. आवाज लावला की मान्सं खोटं बोलाय मोकळी." घ्या! माझी सगळी नोकरी त्यांनी एका वाक्यात मोडीत काढली.

तर या मुक्या अभ्यासातून त्यांनी अमेरिकन पात्रांची वंशावळ तयार केलेली आहे. ती ऐकायला कुणी तयार नसतं, म्हणून ते माझ्या घरी जेवायला येतात. पूर्वीचा अमेरिकन पोलीस, त्यांच्या मते, गुळगुळीत दाढीचा आणि इस्त्रीचा. चोराला दाढीचे खुंट. पुढे खुंट पोलिसाला आले आणि दाढी चोर करू लागला. पुढे पोलिसाची बायको निघून गेली, तो गाडीतच झोपायला लागला, आणि आता तर, "ज्याला बेड्या घालायच्या तोच हिरो. ज्यानं घालायच्या त्यो व्हिलन. आन् शेवटी दोघंबी रडत्यात, राव." पूर्वीच्या बायका पदर खोचल्यासारखा एप्रन बांधून ओव्हनमधून काहीतरी काढायच्या, आताच्या बायका त्याच ओव्हनकडे बघतसुद्धा नाहीत, कोर्टात जातात आणि नवऱ्याला उलटतपासणीत झोपवतात. हे सांगताना आमच्या बायकोने वाढलेली तिसरी भाकरी त्यांच्या ताटात असते.

ऐकून सोडून द्यावं म्हटलं तर हा माणूस ती विद्या गावात वापरतो, हे खरं दुखणं. आमच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरताना एक इसम सापडला. लोकांनी धरून चावडीपाशी आणला. आता केबल माझी, पाण्याची पाळी माझी, उसाला पाणी नाही म्हणून जीव माझा वर-खाली, आणि आमचे साडू पुढे होऊन त्या चोराला चहा पाजतात आणि विचारतात, "ल्हानपन कसं गेलं तुजं?" मी ओरडलो, तर मलाच शांत करायला लागले. "मास्तर, तुमी जुन्या मालिकेत हाय. आता नुसता वाईट मानूस कुठंच ऱ्हायला न्हाई. परत्येकाचं कायतरी मागं घडल्यालं असतंय." चोराला तरी काय, चहा मिळतोय म्हटल्यावर त्याने लहानपण आठवलं. एका दशक्रियेत तर कहर केला. आमच्याकडे दशक्रिया म्हणजे नदीकाठी हजार माणूस आणि पुढाऱ्यांची भाषणं. माईक हातात आल्यावर साडूंनी मयताच्या मुलाला धीर दिला तो असा : "रडू नगा. अमेरिकेत मेल्याला मानूस मागणी आसली तर पुढच्या वर्सी परत येतो." काकस्पर्श व्हायचा होता म्हणून लोक गप्प बसले, नाहीतर साडूंचंच पिंडदान झालं असतं.

इथवर मी हसून घेत होतो. पण ते दीपालीच्या लग्नाच्या आड आले तेव्हा माझं डोकं फिरलं. दीपाली त्यांची एकुलती एक. शिकली-सवरलेली, नारायणगावच्या दवाखान्यात नर्स, मला काका काका करते. आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावकडचं स्थळ आलं. मुलगा मंचरला डेअरीत केमिस्ट, घरची बागायत, स्वभावाने गरीब. बघण्याच्या कार्यक्रमाला मला मुद्दाम बोलावलेलं. पोरगा आला तो इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, सगळ्यांच्या पाया पडला. पोहे झाल्यावर आपली बशी आपणच उचलून आत ठेवून आला. आमच्या बायकोच्या डोळ्यांत कौतुकाने पाणी. साडूंनी मला कोपराने ढोसलं आणि कानात म्हणाले, "बगितलं? पुरावा उचलला."

"काही विचारायचं असंल तर विचारा," मुलाचे चुलते म्हणाले. साडूंनी घसा खाकरला. "तुमच्या घरी तळघर हाय का?"

पोरगा गोंधळला. "तळघर न्हाई. कांदा साठवायची बराखी हाय."

"कुलूप आसतंय का तिला?"

"बिबट्या फिरतो म्हणून कडी लावतो."

साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बराखीत कांद्याखाली चार प्रेतंच सापडली. पाहुणे गेल्यावर निकाल दिला : इतका गुळगुळीत माणूस आजकाल शेवटच्या भागात काय निघेल सांगता येत नाही, स्थळ नको. पोरगा दीपालीला पसंत होता, हे मागच्या दारी दोघं बोलत होते तेव्हाच आम्हाला कळलं होतं. याआधीही साडूंनी चांगली स्थळं अशीच घालवली होती. मेहुणी आमच्या घरी येऊन रडली : "भाऊजी, तुमीच सांगा काय ते. पोरगी जेवत न्हाई."

मी तरातरा आळेफाट्याला गेलो. दुकानात आता टीव्ही कुणी आणत नाही. पॅनल गेलं की लोक नवा घेतात. साडू मोबाइलची कव्हरं विकतात, आणि एक टीव्ही उगाच चालू असतो. मी तोंडाला येईल ते बोललो. तुमच्या अमेरिकेला काडी लावा म्हणालो. एका डबड्यापायी पोरीचं वाटोळं करताय म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पडद्याकडे बघत. मग म्हणाले, "मास्तर, बाप कसा बदलत गेला सांगितलं का तुमाला?"

"खड्ड्यात गेला तुमचा बाप!"

"पयला बाप सूटबूट घालायचा. घरात आला की पोरं उटून हुबी ऱ्हायची. मग त्यो सुटला, ढेरी आली, कोचावर बसला आन् पोरं त्याला हसाय लागली. ते बी चाललं. घरात तर व्हता." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "आता बगा. नव्या मालिकेत बाप नसतोच. पोरगी मोठी झाल्याली, आन् बाप भिंतीवरचा फोटू. पयल्या भागातच मेल्याला." हातातलं कव्हर खुंटीला अडकवत म्हणाले, "दिपी घोडेगावला गेली, म्हंजी माजं काम संपलं."

तेवढ्यात डबा घेऊन दीपाली आली. ती पायरीवर केव्हापासून उभी होती कोण जाणे. आत येऊन तिने डबा ठेवला, बापाशेजारी स्टूल ओढलं आणि टीव्हीचा आवाज सुरू केला. साडू दचकले. पडद्यावर तोवर दुसरी, जुनी मालिका लागलेली : एक ढेरपोट्या बाप कोचावर बसलेला आणि त्याची पोरगी दारात बॅग घेऊन उभी.

"काय म्हनती ती?" साडूंनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"म्हणते, मी कुठंबी गेले तरी रोज संध्याकाळी तुमाला फोन करीन, अप्पा. तुमी उचला म्हंजी झालं."

मी इंग्रजीचा मास्तर. पडद्यावरची पोरगी बापाकडे गाडीची किल्ली मागत होती, आणि बाप नाही म्हणत होता. दीपालीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी कव्हरं चाळायला लागलो.

सुपारी फुटली, लग्न झालं, पोरगी घोडेगावला सुखात आहे. जावई अजून बशी उचलतो. साडू त्याला अजून संशयित मानतात, पण त्याच्याकडून कांद्याची पिशवी आली की ठेवून घेतात. आणि रोज संध्याकाळी फोन येतो. साडू फोन टीव्हीपुढे धरतात आणि विचारतात, "दिपे, आता काय म्हनतोय त्यो?" ती तिकडे भाकऱ्या थापत असते. तिला ना चित्र दिसत, ना धड ऐकू येत, तरी ती काहीतरी सांगते, आणि साडू मान डोलावतात. माणसाचा मूर्खपणा म्हणावा तरी किती!

परवा मी सहज दुकानात गेलो होतो. घाटाकडे पाऊस झालेला, घोडेगावची रेंज गेलेली. साडू फोन हातात घेऊन बसले होते. लावायचे, कानाला धरायचे, खाली ठेवायचे. टीव्ही चालू होता, आवाज चांगला मोठा. पडद्यावर एक पोरगी पोलिसापुढे बसून काहीतरी सांगत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, काय म्हनती वो ती?"

मी नीट ऐकलं. ती म्हणत होती की खून मीच केला आणि मला त्याचं काही वाटत नाही.

"दिवाळीला येते म्हणते," मी म्हणालो. "चार दिवस राहणार आहे."

साडूंनी फोन खिशात टाकला, आणि चहा सांगायला उठले.