मारुचबाईंचं नरसाळं

"ती मेलेल्यांसाठी ठेवलीय," सासूबाई म्हणाल्या.

"अर्धी संपलीय!" मक्याच्या कणगीतून काढलेली कोलाची बाटली माझा नवरा, चेप, त्यांच्या नाकासमोर नाचवत होता.

"मग? मेल्यावर तहान लागत नाही?"

"आई, बाबांनी येऊन बूच उघडलं?"

"जिवंतपणी तरी कुठे उघडायचे? मीच उघडून द्यायचे."

मला हसू फुटलं, म्हणून मी चुलीकडे तोंड केलं.

सिनाकान्तान या आमच्या गावातली निम्मी लग्नं माझ्या सासूबाईंनी, मारुचबाईंनी, जुळवलेली. पहाटे मुलीच्या दारात जायचं, गुडघे टेकायचे, आणि तिचा बाप शिव्या देऊन दमेपर्यंत गोड बोलत राहायचं. मुलाकडची बाटली त्याने हातात घेतली की सोयरीक ठरली. मग प्याला फिरतो. मागणी घालणारीनेच तो नाकारला, तर मुलीच्या तोंडावर थुंकल्यासारखं. पूर्वी दारू फिरायची, आता कोला. दारूने सासूबाई कधी झिंगल्या नाहीत. कोलाने मात्र रक्तातली साखर वाढवून त्यांच्या पायाची दोन बोटं नेली.

"हे पिणं थांबलं नाही तर पाऊल जाईल," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"गुडघे टेकायला पाऊल कशाला लागतं?"

"उठायला लागतं, आजी."



"नरसाळं घ्या ना," मी आता म्हटलं. आमच्याकडे ज्याला दारू नको असते तो प्याला ओठांना लावतो आणि नरसाळ्याने स्वतःजवळच्या रिकाम्या बाटलीत ओततो. कुणाचा मान जात नाही.

"ते दारूचं. कोलासाठी नरसाळं काढलं तर गाव हसेल. कोलाने कोण पडतं, लोशा?"

"तुम्ही पडलात की परवा. खुराड्यावर."

"कोंबडी मध्ये आली!"

"कोंबडी आतच होती," चेप म्हणाला. "आणि नरसाळ्याचा उपयोग काय? भरलेली बाटली घरी आणून तूच पिणार."

सासूबाईंनी पट्टी बांधलेला पाय पुढे घेतला. मग चुलीजवळच्या खांबाला धरून उठल्या. उठायला वेळ लागला. आम्ही हात दिलेला त्यांना खपत नाही.

"ऐका. रविवारी शेजारच्या पेतुलच्या पोरासाठी मागणी घालायला जाताना मी नरसाळं नेणार. कोलासाठी. जो हसेल, त्याच्या मागणीच्या वेळी त्याचा सासरा त्याला काय काय बोलला होता, ते मी भर अंगणात सांगेन. नरसाळं माझ्या हातात राहील. बाटली लोशाच्या हातात. आणि तिने ती वाटेतच ओतून टाकायची, घरी येताना रिकामी हवी."