दिपोटींचा सुजलेला घोटा

आमच्या घरात गोष्ट सांगायला मलाच बसवतात. साधं भाजी आणायला गेलेलं सांगायचं झालं तरी त्यात मी एक उधळलेला बैल आणि दोन भांडणं घालते, असं घरचे म्हणतात, आणि ते कमीच सांगतात. पण नऊ-दहा वर्षांची असताना लोणावळ्याला मारलेली एक थाप मी त्यांना कधी ऐकवली नाही.

वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. मी मराठी शाळेत चौथीत, आणि वर्गाची मॉनिटर. हुशारीपेक्षा वडिलांच्या टोपीमुळे. माझ्याच वर्गात एका गँगमनची मुलगी होती. वर्गात आपलं म्हणायचं. ती महारांची, म्हणून ती आणि तिचे दोघे धाकटे भाऊ बाहेर पडवीत बसत. गुरुजी तिच्या पाटीला हात लावत नसत. ती पाटी उंबऱ्याबाहेर ठेवून मागे सरे आणि मी आतून वाकून तिची गणितं मोठ्यानं वाचून दाखवत असे. वाचता वाचता माझ्या पाटीवरची उत्तरं गुपचूप दुरुस्त होत. गुरुजी दोघींना शाबास म्हणत, पण बघत माझ्याकडे.

चौथीची परीक्षा घ्यायला पुण्याहून दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी साहेब, येत. त्या वर्षी तिचं सगळं त्या एका दिवसावर होतं. चौथी पास झाली तर पुण्याच्या एका वसतिगृहानं तिला घ्यायचं कबूल केलं होतं. "तितं समद्यांला आत बसवत्यात म्हनं," असं तिनंच मला पडवीतून सांगितलेलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी गुरुजींनी मला बाजूला घेतलं. मुलांना एकत्र बसवा, असा वरून हुकूम आला होता. पडवीतली मुलं दिसली तर दिपोटी शेरा मारणार. आत बसवली तर गावातले पालक आपली मुलं काढून नेणार. गुरुजींनी तिसरी वाट काढली.

"त्या तिघांना सांग, उद्या सुट्टी."

एवढंच सांगायचं होतं. तिची वस्ती रुळांपलीकडे. मी रुळांच्या अलीकडे उभी राहून तिला हाक मारली आणि सुट्टी सांगितली.

"आन् परीक्षा?" ती म्हणाली. वयानं माझ्याएवढीच, तरी मला ताई म्हणे. "ताई, दिपोटी येनार व्हते न्हवं?"

"सोमाटण्यापाशी त्यांचा टांगा उलटला. पुढच्या आठवड्यात येतील."

"लय लागलं का त्यान्ला?"

"घोटा हा एवढा सुजलाय," मी दोन्ही हातांनी दाखवलं.

टांगा आणि घोटा गुरुजींचे नव्हेत, सर्वस्वी माझे. नुसती सुट्टी म्हटलं असतं तर ती सकाळी येऊन बघून गेली असती. घोट्यावर मात्र तिचा विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी दिपोटी स्टेशनवरून खडखडीत चालत आले. मी पास झाले, कशीबशी. घरी शिरा झाला. ती त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत आली तेव्हा निकाल वाचून झाला होता. गैरहजर म्हणजे नापास, असं गुरुजींनी तिला सांगितलं. सुट्टीबद्दल त्यांना म्हणे काही ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी तिचे वडील आमच्या दारी आले आणि पायरीखाली उभे राहिले.

"रावसाहेब, दिपोटी उद्या तळेगावच्या शाळेत हाईत. सुट्टी कळवली व्हती, येवढं तुमच्या लेकीनं सांगितलं, तर मी पोरीला घिऊन जातो. घेतील ते परीक्षा."

वडिलांनी मला विचारलं, "तू सांगितलीस सुट्टी?"

गुरुजींनी सांगितलं म्हणून सांगितली, असं म्हटलं असतं तर मला कुणी मारलं नसतं. पण मग मागोमाग टांगा निघाला असता, घोटा निघाला असता, आणि आमच्या चाळीतली पोरं मला महिनाभर चिडवत बसली असती. त्या मुलीचं शिक्षण एकीकडे आणि माझं चिडवलं जाणं दुसरीकडे. मला तेव्हा दुसरंच जड वाटलं.

"नाही," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मी एका शब्दात उत्तर दिलं.

"माझी पोर खोटं बोलत न्हाई," ते म्हणाले. मग खाली बघत तेच म्हणाले, "मंग तिच्याच आयकन्यात चुकलं आसंल."

ते वळले. आमच्या दारापासून रुळांपर्यंतची वाट सरळ आहे. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर ते बराच वेळ चालत होते, आणि मी दारातच उभी होते.