अक्षरं भरणारी छोटी

दादाचा हात चांगला होता, हे त्याच्या वाईटावर असलेली माणसंही कबूल करतील. पण हात चांगला असला की काहींना वाटतं, डोकंही सगळं आपलंच. दादाची गोची तिथेच झाली.

घराच्या पुढच्या खोलीत त्याचा जाहिरातींचा स्टुडिओ होता. चित्र आणि मांडणी त्याची, मजकूर धाकट्या बहिणीचा. चाळिशीला टेकली तरी ती सगळ्यांची छोटीच. एकच टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. काम होत आलं की छोटी चित्रावर तळवा ठेवून नुसती ओळ वाचायची, मग ओळ झाकून नुसतं चित्र बघायची. दोन्हीकडे तेच ते दिसलं की भांडण जुंपायचं.

बुटांच्या कारखान्याची जाहिरात अशीच भांडणातून निघाली. दादाने पानभर बूट काढला होता. छोटी म्हणाली, "बूट टिकतो हे मी ओरडून सांगायचं आणि तू नुसता तो चमकवायचास? जिना काढ, झिजलेला." दादाने चरफडत झिजलेल्या पायऱ्या काढल्या, त्यांवर धडधाकट बूट. छोटीने मोठा परिच्छेद फाडला आणि एवढंच लिहिलं: 'पायऱ्या तेवढ्या बदलून घ्या.'

जाहिरात गाजली. कारखान्याचे मालक स्वतः आले, हसत म्हणाले, "कुणाच्या डोक्यातून निघालं हो हे?"

"माझ्याच," दादा म्हणाला. "छोटी काय, अक्षरं भरते."

छोटी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिने कप नीट खाली ठेवले, मालकांना म्हणाली, "साखर कमी वाटली तर सांगा." दादाकडे बघितलंसुद्धा नाही. महिना संपता संपता तिने दुसऱ्या ऑफिसात नोकरी धरली.

"जा की! अडलंय माझं खेटर!" दादा म्हणाला. केवढा तो तोरा!

मग हा स्वतःच लिहायला लागला. बुटाचं चित्र, खाली 'उत्तम बूट'. मालक वैतागले. "अहो, बूट आहे हे दिसतंय मला! पुढे काय?" बाकीची गिऱ्हाइकं केव्हाच पांगली होती. हेही काम गेलं तर स्टुडिओला कुलूप. मालकांनी शेवटची संधी दिली, तेव्हा दादाने जीव ओतून चित्र काढलं, खाली चौकट रिकामी सोडली आणि मान खाली घालून छोटीचं ऑफिस गाठलं.

छोटी एका पोरसवदा चित्रकाराशी तावातावाने भांडत होती. त्याचा तळवा तिच्या ओळीवर होता. 

"ये दादा, बस. वहिनी बरी आहे ना?"

"बरी आहे." त्याने कागद पुढे सरकवला. सॉरी म्हणायचं घोकत आला होता, पण तोंडातून निघालं, "एवढी चौकट भरून दे ना."

छोटीने चित्र मन लावून पाहिलं. "छान काढलंयस. पण मला नाही जमणार रे."

"का? अजून राग आहे?"

तिने टेबलावरचे कागद बाजूला केले. खाली त्याच कारखान्याच्या बुटाचं चित्र होतं.

"मालक काल इथे आले होते," ती म्हणाली. "आमचा नमुना पसंत पडला त्यांना. विचारत होते, कुणाला सुचलं."

दादाला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "मग?"

"हा म्हणाला, दोघांना."

पोरगा कानकोंडा होऊन हसला. दादाने कागदाची गुंडाळी केली. ती नीट होईना, तेव्हा छोटीनेच उठून तिला रबर लावून दिलं.