दुर्बीणबाईंचा उजवा डोळा

अंड्यांच्या गोदामात त्या बाईंना सगळे दुर्बीण म्हणत. तोंडावर मावशी, पाठीमागे दुर्बीण. बाईंना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सव्वीस वर्षं त्या एकाच अंधाऱ्या खोलीत, एकाच टेबलाशी बसत आल्या होत्या. टेबलाच्या काचेखाली दिवा, काचेवरून अंड्यांचे ट्रे सरकायचे, उजेड आरपार जायचा आणि अंड्याच्या पोटातलं सगळं दिसायचं. तडा गेलेलं, शिळं, रक्ताचा ठिपका असलेलं, असं अंडं आलं की बाईंचा हात ते बरोबर उचलायचा. लेकीला बघायला मुलगा आला होता, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं काही रोखून पाहिलं की बिचारा पाणी पिताना दोनदा ठसकला. तो जावई अजूनही सासूसमोर दिव्याखाली बसत नाही.

तर अशा बाईंनी एका सोमवारी सकाळी एकाच ट्रेमधून अकरा अंडी बाजूला काढली. पुढच्या ट्रेमधून नऊ, त्याच्या पुढच्यातून तेरा. मुकादम धावत आला.

"मावशी, कोंबड्यांना काय झालंय आज?"

"ते कोंबड्यांना विचारा. ठिपके आहेत, मी काढले."

मुकादमाने वाडगा मागवला आणि सगळ्यांच्या देखत एकेक अंडं फोडलं. सगळे बलक पिवळेधमक. औषधालाही ठिपका नाही. खोकी भरणाऱ्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. "वय झालं मावशी, चालायचंच," असं म्हणून मुकादमाने वाडगा उचलला. अंड्याचं निमुळतं टोक खाली ठेवायचं असतं, हे या मुकादमाला बाईंनीच शिकवलं होतं. संताप येणार नाही तर काय होणार?

दुपारी उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकली. टेबलाखालचा दिवा लुकलुकतोय असं वाटून बाईंनी वायरमनला बोलावलं. त्याने दिवा बदलला. पुन्हा चमकलं, पुन्हा बदलला. मग पान्हा खिशात घालत तो म्हणाला, "दिवा ठणठणीत आहे मावशी. तुम्हाला भास होतोय."

भास हा शब्द बाईंना फार लागला. सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी दिवा बंद केला आणि मिट्ट काळोखात बसून राहिल्या. वीज चमकलीच. मग दिवा लावून एक अंडं हातात घेतलं आणि सावकाश फिरवलं. ठिपका अंड्यातला असेल तर तो अंड्याबरोबर फिरतो, हे त्यांच्या धंद्यातलं अ आ इ ई. हा ठिपका अंड्याला विचारतच नव्हता. त्यांनी पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. ठिपका भिंतीवर आला, आणि नजर हलवली की चिलटासारखा मागून तरंगत यायचा. डावा डोळा झाकला तरी तो होताच, उजवा झाकला की भिंत स्वच्छ. म्हणजे खोट उजव्या डोळ्यात होती. भास नव्हता याचा बाईंना आधी आनंद झाला आणि मग पुढचा हिशेब सुचला. डोळा गेला तर टेबल जाईल, आणि टेबल गेलं तर दुर्बीण म्हणून कोण ओळखणार?

गोदामाच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बसायचे. त्यांनी कागदावरून मान वर केली नाही.

"बोला आजी. वय किती?"

"सत्तावन्न. आणि आजी व्हायला अजून अवकाश आहे. उजव्या डोळ्यात एकाएकी ठिपके आलेत."

"ते सगळ्यांनाच दिसतात. वयोमान आहे. दुर्लक्ष करायचं."

"वीजही चमकते."

"अशक्तपणा असेल. गोळ्या देतो."

टेबलावर त्यांच्या हाताशी टॉर्च पडलेला होता. त्यांनी तो उचलला नाही. बाई गोळ्या घेऊन निमूट बाहेर आल्या, आणि तिथे काय बोलायला हवं होतं ते त्यांना बसस्टॉपवर सुचलं. याचाच त्यांना जास्त राग आला.

घरी नवरा म्हणाला, "अगं, ठिपके मलाही दिसतात."

"तुम्हाला वीस वर्षांपासून दोन दिसतात. मला एका सकाळी शंभर आलेत."

"पण डॉक्टरांनी सांगितलंय ना, दुर्लक्ष कर म्हणून?"

"जन्मभर लक्ष देण्याचं काम केलं. आता या वयात दुर्लक्ष कुठे शिकायला जाऊ?"

गुरुवारी सकाळी डोळ्यापुढे काजळी उडाल्यासारखं झालं. बाईंनी मुकादमाला विचारलं नाही की नवऱ्याला सांगितलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला डोळ्यांचं हॉस्पिटल होतं, तिथे त्या एकट्या जाऊन थडकल्या. खिडकीवरची नर्स पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहीत होती. "ठिपके आणि वीज" हे शब्द ऐकताच तिने पेन खाली ठेवलं आणि बाईंना रांगेतून उठवून थेट आत नेलं. गोष्ट एवढी सोपी होती, नुसतं ऐकून घ्यायचं होतं.

डोळ्यात थेंब पडले, बाहुली मोठी झाली. मग अंधारी खोली, आणि डोक्याला दिवा बांधलेली एक डॉक्टरीण. "वर बघा. आता खाली. उजवीकडे." बाईंना तेवढ्यातही हसू आलं. हे तर त्यांचंच काम होतं, फक्त आज टेबलावर त्या होत्या.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"पडद्याला चीर पडलीय. डोळ्यात अंड्याच्या पांढऱ्यासारखा पदार्थ असतो. वयाबरोबर तो पातळ होतो, आक्रसतो आणि पडद्याला ओढतो. म्हणून वीज दिसते."

"म्हणजे शिळं अंडं."

"शिळं नाही, तडा गेलेलं. आजच लेझर करू. आणखी थांबला असतात तर पडदा सुटला असता, मग नजरेची खात्री नव्हती. चार दिवस कुणालाच दाखवलं नाहीत?"

"दाखवलं. त्यांनी पाहिलं नाही," बाई म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

डोळा वाचला. ठिपके थोडे राहिले, पण अंड्यातला ठिपका कुठला आणि आपला कुठला हे त्यांना आता पक्कं कळत होतं. पंधरा दिवसांनी कामावर आल्या तेव्हा त्या टेबलाकडे गेल्या नाहीत, आधी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी हॉस्पिटलचा कागद वाचला.

"बरं झालं आजी, वेळेत गेलात," ते म्हणाले. जणू यांनीच हात धरून पाठवलं होतं.

"डॉक्टर, आमच्याकडे एक अंडंसुद्धा उजेडावर धरल्याशिवाय पास होत नाही. तुम्ही माझा डोळा तसाच पास केलात."

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. खोकी भरणारी एक बाई कानावर हात दाबून आत आली. वाडग्याच्या दिवशी हसणाऱ्यांत तीही होती. दुर्बीणबाईंनी खुर्ची सोडली, पण खोली सोडली नाही.

"तिच्या कानात बघा," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

डॉक्टरांनी टॉर्च उचलला आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तळहातावर आपटून पाहिला. सेल कधीचे संपले होते कोण जाणे, डॉक्टरांना ते आत्ता कळलं.